बरडावरचं गवत आणि लांब दांड्याचा विळा

बरडावरचा (६ ऑक्टोबर, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

उत्तर सोलापूर तालुक्यात मार्डीच्या अलीकडं आमचं सात एकर बरड आहे. वाटणीत काळी रानं काकाला गेली आणि मुरूम आपल्याला आला, हे आई अजून दर दिवाळीला म्हणते. मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पेरणी परवडेना म्हणून आठ वर्षांपूर्वी सोडली आणि नुसतं राखण ठेवलं. पाऊस पडला की आपोआप गवत येतं. वरच्या अंगाला शेडा (काही लोक पवन्या म्हणतात) आणि डोंगरी, ओघळीच्या कडेला मारवेल, आणि वाटेच्या बाजूला, जिथं पूर्वी जनावरं फार चरली, तिथं कुसळी. घरी दोन खिलार गाई आहेत. त्यांची निम्म्या वर्षाची वैरण या बरडावरच निघते.

आजवर गवत कापायला वस्तीवरची आक्का आणि तिच्या दोन जावा यायच्या. विळा घेऊन उकिडवं बसायचं, डाव्या मुठीत गवत धरायचं, उजव्यानं कापायचं, बसल्या बसल्याच पुढं सरकायचं. पंचवीस वर्षं हे करून आक्काचा गुडघा गेला. गेल्या वर्षी म्हणून पेट्रोलचं ब्रशकटर भाड्यानं आणलं. त्यानं गवत कापलं नाही, त्याचा भुगा केला. वीतभर तुकडे सगळीकडं उडाले, त्याची पेंढी बांधता येईना. वर मुरमाचे खडे असे उडत होते की चालवणाऱ्याच्या नडगीला लागून रक्त निघालं.

आता मुद्दा. भाचा जर्मनीत असतो. मे महिन्यात येताना त्यानं सामानात एक पातं आणलं. हात-दीड हात लांब, वाकडं, सुरीसारखं पातळ. तिकडं त्याला लांब दांडा लावून उभ्यानं गवत कापतात. भाच्याला स्वतःला कापता येत नाही, त्याला फक्त व्हिडिओ दाखवता येतात. मी पात्याला बांबूचा दांडा केला. लोखंडी कडी आवळली तसा बांबू उभा चिरला. पोकळच तो. मग सुताराकडून जुन्या सागाचा वासा तासून घेतला आणि दोन मुठी बसवल्या.

काल पहाटे पहिल्यांदा मारून बघितलं. पहिल्या अर्ध्या तासात गवत वाकलं, कापलं काहीच नाही. दोनदा टोक जमिनीत घुसलं. तिसऱ्यांदा दगडाला लागलं आणि धारेला जोंधळ्याच्या दाण्याएवढा खांडा पडला. पण मधे एकदाच, ओघळीच्या कडेला मारवेलात, सुर्रर्र असा आवाज झाला आणि अर्धा वाफा गवत डाव्या अंगाला ओळीत झोपलं. तो आवाज डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

कुणी हे अवजार वापरलंय का? आपल्या माळावर ते चालेल का, का ही नुसती हौस होईल?

कडबाकुट्टी (६ ऑक्टोबर, रात्री १०:१५)

फोटो आमच्या घरात दाखवला. बायको म्हणाली, परदेशी चित्रात काळा झगा घालून सांगाडा उभा असतो त्याच्या हातात हेच असतंय की. पहाटे धुक्यात माळावर हे घेऊन उभं राहू नका बरं का, दूधवाला गाडी टाकून पळेल.

बाकी विषय भारी आहे. वाचतोय.

बार्शी_लाईट (६ ऑक्टोबर, रात्री ११:०२)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हौसच आहे ही. आपल्याकडं दातेरी विळा आहे, वैभव विळा आहे, शे-दीडशे रुपयात मिळतोय. माळ दगडांचा, पातं परदेशी. मोडलं तर दुसरं कुठून आणणार? भाचा दरवर्षी येणार का?

डॅन्यूबकाठी (७ ऑक्टोबर, पहाटे २:३०)

मी मूळची पंढरपूरची. बारा वर्षं ऑस्ट्रियात लिंट्सजवळ राहते. शेजारच्या आजोबांकडून हे अवजार शिकले आणि आमच्या घरामागची उताराची कुरणपट्टी दरवर्षी त्यानंच कापते. इकडे त्याला 'झेन्झं' म्हणतात. तुमच्या पोस्टवरून तीन गोष्टी चुकतायत असं वाटतं. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन वाचा.

आधी मापं. सरळ उभं राहा. खालची मूठ मांडीच्या सांध्यापाशी यायला हवी, आणि वरची मूठ तिथून तुमच्या हातभर वर. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, स्वतःच्या हाताचं माप. मूठ वर असली की माणूस खांद्यानं ओढतो आणि टोक जमिनीत घुसतं. तुमचं तेच झालंय. मग पात्याचा कोन. पातं भिंतीला टेकवून दांडा हलवायचा नाही, पात्याच्या बुडाशी भिंतीवर खूण करायची, मग पातं फिरवून टोक त्या खुणेशी आणायचं. टोक खुणेच्या दोन-तीन बोटं खाली आलं पाहिजे. बरोबर खुणेवर आलं तर पातं फार उघडं आहे, एका फटक्यात जास्त गवत घ्यायला बघतं आणि अडतं.

दुसरं म्हणजे हालचाल. हे कुऱ्हाडीसारखं मारायचं अवजार नाही. पात्याचं पोट जमिनीवर टेकलेलंच राहतं, उजवीकडून डावीकडे कमरेतून वळायचं, पाय अर्ध्या वितीनं पुढे. पातं गवताला आडवं घासत जातं, भाकरीवर सुरी ओढावी तसं. प्रत्येक फेरीत पुढे घ्यायचं गवत चार-पाच बोटंच. नवखा माणूस वीतभर घेतो आणि दमतो.

तिसरी आणि खरी गोष्ट धार. हे पातं मऊ पोलादाचं असतं. ते नुसतं दगडावर घासून धार धरत नाही. छोट्या ऐरणीवर ठेवून थंडच हातोडीनं ठोकत कड पातळ करावी लागते. चार-सहा तास कापलं की एकदा ठोकणी. नीट ठोकलेली धार अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबली की लवताना दिसते, इतकी पातळ. आणि शेतात दर पाच-दहा मिनिटांनी ओल्या दगडाचे आठ-दहा हात, बुडापासून टोकाकडे, एकदा वरून एकदा खालून. दगड कमरेला पाण्यात ठेवतात. जुनी माणसं त्यासाठी गाईचं शिंग वापरत.

किती कापून होतं? सरावाचा माणूस दिवसाला एक एकर धरतात. जर्मन बोलणाऱ्या मुलखात जमिनीचं एक जुनं मापच 'मान्समाड' आहे, एका माणसाची दिवसाची कापणी. आपल्याकडे औताच्या हिशेबानं जमीन मोजायचे तसंच.

बरडावरचा (७ ऑक्टोबर, सकाळी ७:१०)

ताई, साष्टांग दंडवत. मूठ मोजली, चांगली चार बोटं वर आहे. सुताराकडं आजच जातो. शिंगाऐवजी पाण्याची प्लास्टिकची बाटली अर्धी कापून, तळाला ओली चिंधी घालून पट्ट्याला अडकवली तर चालेल का?

डॅन्यूबकाठी (७ ऑक्टोबर, सकाळी ११:४५)

पळेल. वाकलात की दगड बाहेर पडतो, तेवढी चिंधी घट्ट घाला.

मेंढका (७ ऑक्टोबर, दुपारी १:२०)

मी सांगोल्याकडचा. घरात मेंढरं आहेत, मी आयटीआय केलंय. अवजाराचं मला कळत नाही, कुसळीचं सांगतो.

कुसळी कापायची तर कुसळ धरायच्या आत कापा, नाहीतर गळून गेल्यावर. मधल्या दिवसात कापलेली कुसळी वैरणीत आली की जनावराच्या जिभेत, हिरड्यात टोचती. मेंढराच्या लोकरीत घुसती, तिथनं कातड्यात. माझ्या आजीनं मेंढरू धरून दाभणानं कुसळ काढलेलं मी बघितलंय. कुसळाचं टोक सुईसारखं, मागं पीळ घातलेली शेपटी. ओल लागली की पीळ सुटतोय, वाळली की परत बसतोय, आणि दाणा गिरमिटासारखा आत जातोय. जमिनीत बी पेरायची त्याची सोय आहे ती. मेंढराला काय करायचंय त्याचं!

आणि एक. बरड नुसतं राखून वर्षानुवर्षं गवत काढत राहिलात तर जमिनीला परत काय देताय? कार्तिकात गवत निघालं की रात्री मेंढरं बसवा. आमची लोकं खतासाठी रानात मेंढरं बसवतात तशीच. लोक काळ्या रानात बसवतात, पैसे नाहीतर जोंधळं देतात. बरडावर कोण बोलवत नाही. वर म्हणणार मेंढरांनी माळ खाल्ला.

बार्शी_लाईट (७ ऑक्टोबर, दुपारी २:०५)

मेंढका, माळ मेंढरांनी खाल्लाच आहे की. खोटं काय?

मेंढका (७ ऑक्टोबर, दुपारी २:३१)

मेंढरं एका जागी बसतेत का साहेब? आम्ही पावसाळा संपला की वाट धरतोय. जिथं जायची वाट बंद झाली, गायरानावर कुंपण पडलं, तिथं तीच मेंढरं त्याच माळावर फिरायलीत. मग खाणारच. बाराही महिने एका जागी बांधलेली गाय काय करती?

माळटिटवी (७ ऑक्टोबर, रात्री ८:५०)

मेंढका यांना +१. मी सोलापुरात पक्षी बघत फिरते, नान्नजच्या माळावर वीसेक वर्षं जातेय. कापणीच्या बाजूनं आणि विरोधात, दोन्ही बोलणार आहे.

या गवताला 'पडीक' म्हणायची सवय सोडली पाहिजे. सरकारी दफ्तरात तेच, बोलण्यातही तेच. दख्खनच्या गवताळ माळांना शास्त्रात नाव आहे. १९७३ मध्ये दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातल्या गवताच्या आच्छादनाचे पाच मोठे प्रकार पाडले, त्यात आपला प्रकार शेडा आणि मारवेल यांच्याच शास्त्रीय नावांनी ओळखला जातो. बरडावरचा, तुमच्या पहिल्या पोस्टमधली दोन गवतं म्हणजे त्या अख्ख्या प्रकाराचं नाव आहे! 'पडीक' म्हटलं की झाडं लावायची खुमखुमी येते. नान्नजला गिरिपुष्पाच्या ओळी बघा. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि ज्या पक्ष्याला लांबवर मोकळं दिसायला हवं त्याच्या माळावर झाडं उभी राहिली. २०१२ मध्ये क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक आता दिसण्याची गोष्ट उरली नाही. पण लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल अजून या माळांवर आहेत, आणि त्यातले पुष्कळ अभयारण्याबाहेर, तुमच्यासारख्यांच्या बरडावर.

कापणीच्या बाजूनं: गवत उभं राहून वाळलं की माघ-फाल्गुनात कुणीतरी काडी टाकतं. हिरवा फुटवा येईल म्हणून मुद्दाम, नाहीतर विडीचं थोटूक. कापलेल्या पट्ट्याशी वणवा थांबतो. वन खातं जाळरेषा काढतं, तेच काम कापणी करते, शिवाय हातात वैरण येते.

विरोधात: सगळं एकदम कापू नका. चंडोल, लावा यांची विणीची मुख्य धांदल पावसाळ्यात असते, म्हणून दसऱ्यानंतर कापणं बरंच सुरक्षित. पण हिवाळ्यात बाहेरून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी रात्री झाडावर बसत नाहीत, उंच गवतात जमिनीवर एकत्र रात काढतात. तुमच्या सातापैकी दोन एकर उभं ठेवलंत तर त्यांची सोय होईल. दरवर्षी तोच तुकडा ठेवू नका, फिरवा.

अजून एक. कडेनं गोल गोल आत कापत जाऊ नका. पिल्लं, ससे, सरडे सगळे मधे कोंडतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. मधून बाहेर कापा. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर कॉर्नक्रेक नावाचा गवतात राहणारा पक्षी वाचवायला शेतकऱ्यांना हेच सांगतात: उशिरा, ऑगस्टमध्ये कापा आणि मधून बाहेर कापा.

(अभयारण्याच्या किंवा वन खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय विळा घेऊन जाऊ नका, हे सांगायला नको. तरी सांगितलं.)

डॅन्यूबकाठी (८ ऑक्टोबर, पहाटे १:१५)

माळटिटवी, सुंदर प्रतिसाद. एक जोडते आणि एक सावधगिरीची सूचना.

जोडायचं ते असं की युरोपातली फुलांची कुरणं माणसाच्या कापणीनंच टिकलीत. रोमानियात ट्रान्सिल्व्हेनियाच्या एका कुरणात दहा चौरस मीटरमध्ये ९८ जातींच्या वनस्पती मोजल्या आहेत, त्या आकाराच्या तुकड्यासाठी २०१२ मध्ये तो जगातला विक्रम मानला गेला होता. तिथे गवत वर्षातून एकदा कापतात आणि उचलून नेतात. कापणी बंद झाली की झुडपं येतात. उलट इंग्लंड-वेल्समध्ये १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत अशी ९७ टक्के कुरणं गेली, बहुतेक नांगरून आणि खत टाकून.

सावधगिरी: तिकडचा हिशेब जसाच्या तसा सोलापूरला लावू नका. तिथे गवत उचलून नेतात कारण जमीन फार सुपीक झाली तर दोन-तीन दांडगी गवतं बाकीच्यांना दाबतात, जमीन मुद्दाम दुबळी ठेवायची असते. बरड आधीच दुबळं. तिथे मेंढका म्हणतात तेच खरं, काहीतरी परत गेलं पाहिजे.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर (८ ऑक्टोबर, सकाळी ९:००)

चर्चा उत्तम चालली आहे. वैरणीच्या बाजूनं थोडं.

आपल्याकडे गवत कापायला फार उशीर करतात. दिवाळी होऊ द्या, जोंधळ्याची पेरणी उरकू द्या, मग बघू. तोवर गवताचं काड झालेलं असतं. फुलोऱ्यात कापलेल्या गवतात प्रथिनं साधारण ६-७ टक्के मिळतात. पूर्ण वाळून पिवळं पडलं की ३ टक्क्यांच्या आसपास येतात. पोट भरतं, अंगाला लागत नाही. मग लोक पेंडीचं पोतं आणतात.

पण सगळं फुलोऱ्यात कापलंत तर बी पडणार नाही आणि चार वर्षांत शेडा जाऊन कुसळी येईल. म्हणून तुकडे पाडा. एक तुकडा फुलोऱ्यात, एक बी झडल्यावर, एक उभा. पुढच्या वर्षी पाळी बदला. माळटिटवींच्या पक्ष्यांचंही त्यात भागतं.

बुडापासून खरवडू नका. शेडा, डोंगरी ही बहुवर्षायू गवतं, त्यांचं ठोंब असतं. चार बोटं बुडखा ठेवा. नवा फुटवा तिथूनच येतो आणि मुरूम उघडा पडत नाही. या परदेशी पात्यानं जमिनीलगत कापतात असं वाचलंय, तेवढं जपा.

वाळवण: ऑक्टोबरच्या उन्हात दीड दिवस पुरतो. पूर्ण तीन-चार दिवस उन्हात पसरून ठेवतात ते चूक. हिरवा रंग उडतो, त्याबरोबर जीवनसत्त्व अ ज्यापासून बनतं ते कॅरोटीनही जातं. एक दिवस पसरा, उलथा, मग छोटे ढीग करून सुकू द्या. गंज रचताना ओल पंधरा टक्क्यांच्या वर नको. मूठभर काड्या पिळून बघा. मोडल्या तर ठीक, नुसत्या वाकल्या तर थांबा. ओली गंज आतून तापते, बुरशी धरते, क्वचित पेटते देखील.

कडबाकुट्टी (८ ऑक्टोबर, सकाळी ९:३३)

डॉक्टरसाहेब, युरिया मारून गवत पौष्टिक करतात म्हणे, ते कसं?

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर (८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०)

शंभर किलो वाळल्या वैरणीला चार किलो युरिया, चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत दाबायचं आणि प्लास्टिकखाली हवाबंद २१ दिवस ठेवायचं. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग थोडं थोडं चालू करायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना नाही. नुसता युरिया कालवून लगेच घालणारे महाभाग मी पाहिलेत आणि त्यांची मेलेली जनावरंही. चांगल्या वेळी कापलेल्या गवताला याची गरज नाही. काड झालेल्याला आहे.

बरडावरचा (१२ ऑक्टोबर, रात्री ९:२०)

चार दिवस गायब होतो, कारण हात वर होत नव्हते. आता हकिगत.

मुठी खाली घेतल्या, कोन भिंतीला लावून बसवला. ताईंनी सांगितल्यासारखं पातं ठोकायचं होतं. माझ्याकडं ऐरण नाही. हमरस्त्याला घिसाड्यांची पालं पडलीत, तिथं गेलो. गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून विळे, कोयते करणारी ही माणसं, लोखंड हातात घेऊन वाजवून सांगतात. म्हाताऱ्यानं पातं नखानं वाजवलं आणि म्हणाला, "हे नरम हाय. आमचं कडक." त्याला थंडं ठोकायचं सांगितलं तर हसला, पण बसला. छोटी ऐरण लाकडात रोवलेली. टक टक टक, प्रत्येक ठोका आधीच्याला अर्धा चढवून, कडेनं अर्ध्या जोंधळ्याएवढी रुंद चकचकीत पट्टी उमटत गेली. वीस मिनिटं लागली. खांडा पडला होता तो पुसट झाला. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, असंच एक कमानीच्या पाट्याचं करून बघतो.

त्यानं खरंच केलं. परवा घेऊन आलो. सुंदर आकार, वजन दुप्पट. आणि थंडं ठोकायला गेलो तर कडेला केसाएवढ्या तीन चिरा. कडक पोलाद पसरत नाही, फाटतं. तेव्हा बार्शी_लाईट यांच्या 'दुसरं कुठून आणणार' या प्रश्नाला अजून उत्तर नाही. घासून धार लावायची पद्धत असेल तर हे पातं चालेल, पण मग जड आणि जाड.

कापणीचं: पहाटे सहाला जातो. दहिवर पडलेलं असतं, पँट गुडघ्यापर्यंत भिजते. ओलं गवत पात्यासमोर उभं राहतं, सपकन कापलं जातं. साडेआठला दहिवर उडालं की तेच गवत मान वाकवून पात्याखालून निसटतं. आता कळलं तिकडं लोक पहाटे का कापतात. अडीच तासांत सहा गुंठे झाले. हसू नका.

पण खरी गोष्ट ही की सातातले तीनच एकर असे आहेत. ओघळीचा काठ, खालचा कोपरा, बांधाच्या आतली पट्टी. बाकी चारात मुठीएवढे दगड गवतात लपलेले. तिथं दोनदा पातं लागल्यावर नाद सोडला. तिथं आक्का आणि तिचा विळाच. मूठ धरून कापणाऱ्याला दगड हाताला आधी लागतो.

डॉक्टरांचं ऐकून ओघळीकडचं फुलोऱ्यात घेतलंय, वरचा शेडा बी झडल्यावर घेणार. दोन एकर उभे.

बार्शी_लाईट (१२ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. आधी हौस म्हणालो ते अर्धं मागं घेतो. चार एकरांपुरतं अर्धं माझ्याकडंच ठेवतो.

अवांतर: २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी गवताळ माळ आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. आमच्या तालुक्यात याच्या फलकाला जागा मिळेल, गायरानाला मिळाली तर नशीब.

मेंढका (१३ ऑक्टोबर, सकाळी ७:४५)

पेंढ्या कशा बांधताय?

बरडावरचा (१३ ऑक्टोबर, दुपारी १:१०)

मला येत नाहीत, आक्का बांधते. कापायला गुडघा नाही म्हणाली, पण बांधायला आली. गवत वाळवून दुसऱ्या दिवशी पहाटे बांधायचं, कडब्यासारखंच. दहिवरानं पान मऊ असतं, झडत नाही. उन्हात बांधायला घेतलं की निम्मं पान जमिनीवर. ती गवताच्याच दोन मुठी शेंड्याला शेंडा जोडून पिळते, त्याचा आळा करते, पेंढीखाली सारते, गुडघ्यानं दाबून पीळ खोचते. चार सेकंद. 'आळा घालणे' आपण रोज बोलतो, तो हा आळा, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

या अवजाराचा एक फायदा तिनंच दाखवला. गवत डाव्या अंगाला एका ओळीत, सगळे शेंडे एकीकडं पडतं. गोळा करायला वाकावं लागतं ते निम्मं.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर (१३ ऑक्टोबर, दुपारी ३:००)

गंजीखाली दगड आणि त्यावर तुराट्या घाला, वाळवी लागते. आमच्या भागात गंजीला बनीम म्हणतात. माथा उतरता करून वर जाड पाचट.

बरडावरचा (९ नोव्हेंबर, रात्री ८:३०)

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

तीन एकर माझ्या हातून निघाले, सतरा पहाटा लागल्या. उभे दोन एकर वगळून उरलेल्या दगडी दोनांत आक्काच्या जावा बसल्या. कारखान्यातल्या वजनकाट्यावर वीस पेंढ्या टाकून सरासरी काढली. माझ्या तीन एकरांचं वाळलेलं गवत अंदाजे दीड टन. दोन गाईंना रोज चौदा किलो धरलं तर साडेतीन महिने. गेल्या वर्षी ब्रशकटरच्या भुग्यातलं निम्मं पावसाच्या एका शिडकाव्यानं कुजलं होतं.

मेंढका यांच्या ओळखीचा एक कळप चार रात्री बसून गेला. पैसे विचारले तर म्हणाले बरडाचे काय पैसे, चहा-भाकरी द्या. उभ्या तुकड्यावर परवा संध्याकाळी तीन भोवत्या उतरताना दिसल्या. माळटिटवींना फोटो पाठवलाय, फोटोत तीन ठिपके आहेत.

माळटिटवी (९ नोव्हेंबर, रात्री ९:१२)

ठिपकेच असतात ते. पंखांचा इंग्रजी व्ही दिसतोय, भोवत्याच. येत्या रविवारी येऊ का? गाडी लांब उभी करीन, आत शिरणार नाही.

बरडावरचा (९ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

या की. रविवारी सुतारही यायचाय.

ते राहिलंच सांगायचं. शेवटच्या दिवशी आक्का म्हणाली, आण बघू इकडं. मी दिला. ती माझ्या खांद्याला लागते, वरची मूठ तिच्या छातीशी आली. तरी तिनं चार हात मारले आणि चौथ्याला सुर्रर्र झालं. मला तो आवाज हुकमी काढायला आठ दिवस लागले होते. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "उभ्यानं असतंय व्हय हे? मग आदी का नाय आणलं?" जावा हसायला लागल्या.

तिला भिंतीशी उभं करून मांडीच्या सांध्याशी खडूनं खूण केलीय, तिथून तिच्या हातानं हातभर वर दुसरी. सुतार म्हणतोय तेवढ्या उंचीला सागापेक्षा हलकं लाकूड घ्या. ताई, तुमच्याकडं बायका कशाचा दांडा वापरतात?

डॅन्यूबकाठी (१० नोव्हेंबर, पहाटे १:५०)

माझा ॲश लाकडाचा आहे, ते तुम्हाला मिळणार नाही. हलकं, सरळ रेषेचं, चिवट असं कुठलंही बघा, गाठ नको. आणि आक्कांना पातं साठ सेंटिमीटरच्या आतलं द्या, तुमच्यापेक्षा आखूड. डिसेंबरात पंढरपूरला येतेय, एक घेऊन येते. त्या घिसाडी बाबांसाठी ठोकणीची ऐरणपण आणते, नमुना म्हणून.